गोजाबाईच्या कापडाचे पाच ड्रेस

बुद्धप्रियाला सात रस्त्याजवळच्या एका खासगी विमा ऑफिसात नोकरी लागली आणि पहिल्याच दिवशी मॅनेजर विरुपाक्ष सरांनी बजावलं, "काउंटरवर बसायचंय. कपडे दर्जेदार हवेत. तीन महिन्यांनी कायम करताना हेही बघणार." पगार असा, की दर्जेदार कपडे घेतले असते तर महिनाभर हवा खाऊन राहावं लागलं असतं. दर्जा मागणाऱ्यांना तो आणायचा कुठून, हे सांगायची गरज कधी वाटत नाही!

तिची आई शालन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गारमेंटमध्ये युनिफॉर्म शिवायची. ऐकून ती हसलीच. "दुकानातलं कापड दोन धुण्यात पोतेरं हुतंय. आमच्या ठाणातलं बघ की, वरीसभर रोज घाल, रंग हलायचा न्हाय." मालकाला सांगून तिनं उरलेलं करडं कापड स्वस्तात उचललं आणि रविवार मोडून पाच ड्रेस शिवले. खांदा नेमका, गळा नेमका, मोबाइल मावेल असा खिसा. घरात भिंतीवर सुटाबुटातले बाबासाहेब होते. नीट कपडे घालून बाहेर पडणं ही त्या घरात हौस नव्हती, बाणा होता. आरशात बघताना बुद्धप्रियाला स्वतःचाच हेवा वाटला.

ऑफिसात आलेला पहिलाच माणूस तिला म्हणाला, "बाई, जरा पाणी आण." दुसऱ्यानं चहाचा उष्टा कप तिच्या हातात दिला. तिला काही उमजेना. मग साफसफाई करणारी गोजाबाई झाडू घेऊन आत आली. ठेकेदारानं तिला त्याच आठवड्यात नवा ड्रेस दिला होता. करडा. त्याच ठाणातला.

विरुपाक्ष सरांनी बुद्धप्रियाला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, उद्यापासून हे चालणार नाही. तुम्ही त्या लोकांसारख्या दिसता."

"कुठल्या लोकांसारखी, सर?"

"समजून घ्या हो जरा."

घरी येऊन तिनं वड्याचं तेल वांग्यावर काढलं. "आई, जगात दुसरं कापड नव्हतं का गं?"

शालननं सगळं ऐकून घेतलं आणि मग भडकली. "तिचा ड्रेस मीच शिवलाय, तुजा बी मीच. तिच्या अंगावर चालतंय आन् तुज्या अंगावर लाज वाटती व्हय? तू शाळंत जाईपत्तोर मी बी लोकांची हापिसं झाडली की! मग मला तरी आई कशाला म्हणतीस?"

बुद्धप्रियाचा राग तसाच होता, फक्त आता तो योग्य पत्त्यावर निघाला होता.

दुसऱ्या दिवशी ती कडक इस्त्री करून करड्याच ड्रेसमध्ये काउंटरवर बसली. सर तिथंच आले. "काल काय सांगितलं होतं?"

ती उभी राहिली. "फाटलाय का, सर? मळलाय?"

"तसं नाही..."

"मग कसं? गोजामावशी इथंच आहेत. त्यांच्यासारखं दिसण्यात काय वाईट आहे, ते त्यांच्या तोंडावर सांगा."

गोजाबाईचं पोछा मारणं थांबलं. ती कंबरेवर हात ठेवून समोर येऊन उभी राहिली. "बोला की सायेब. मला बी कळू द्या."

साहेबांनी घड्याळ बघितलं, पंखा बघितला, आणि ते केबिनमध्ये निघून गेले.

आणि आत जाऊन या शिकल्यासवरल्या माणसानं काय करावं? ठेकेदाराला फोन केला. सफाईवाल्या बायकांच्या ड्रेसचा रंग बदला म्हणाला! स्वतःची नजर बदलण्यापेक्षा गोजाबाईचा ड्रेस बदलणं सोपं.

ती ऑर्डर फिरून शालनच्याच मशीनवर आली. एका संध्याकाळी शालन काखोटीला पिशवी मारून घरी आली. पिशवीत चॉकलेटी कापड होतं.

"झाडूवाल्यांचा नवा रंग," ती म्हणाली. "उरलंय. लई टिकाऊ हाय." मग तिनं लेकीकडं नीट बघितलं. "पर तुला कायम करायचे दिवस जवळ आल्यात. ऱ्हाऊ दे, न्हाय तर."

बुद्धप्रियानं कापड खांद्यावर टाकलं आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली.

"पाच शिव, आई. आणि गळा गोजामावशीच्या ड्रेससारखाच ठेव."