कोपऱ्यातला बेडूक

ठमी झोपली की बेडकाचा एक पाय भरून होईल एवढा वेळ मला मिळतो. पोट भरायला दोन झोपा लागल्या. डोळे मी मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण डोळ्यांना काळी लोकर लागते आणि मी काळी लोकर हातात घेतली की ठमी हमखास जागी होते. का, ते तिलाच ठाऊक.

बरं, झोपते तीही माझ्या मांडीवर. पाळण्यात ठेवली की खाली निखारे अंथरलेत असं वाटून उठते. म्हणून डाव्या मांडीवर ठमी, उजव्या मांडीवर लाकडी फ्रेम आणि फ्रेमवर ताणलेलं जाळीचं कापड. जाळीच्या एका भोकातून लोकर वर काढायची, तिरकं जाऊन दुसऱ्या भोकात खाली घालायची. एक तिरका टाका, त्याला खेटून दुसरा. एकही भोक उघडं राहता कामा नये, एवढंच काय ते शास्त्र. पण त्या पांढऱ्या जाळीवर पाणी उमटायला लागतं, पाण्यात दगड येतो, दगडावर हिरवं काहीतरी फुगून बसतं, आणि ते माझ्या हातून झालेलं असतं! नवरा ऑफिसातून आला की आधी ठमीचा पापा घेतो आणि मग विचारतो, "बेडूकराव कुठवर आले?"

हा बेडूक म्हणजे माझं आमच्या भरतकाम मंडळातलं पहिलं काम. मंडळ दर शनिवारी दुपारी लाँड्रीच्या वरच्या खोलीत जमतं. खालून इस्त्रीची ऊब येते आणि टेबलावर लोकरीच्या लडी पसरलेल्या असतात. सगळ्याजणी एकाच वेळी बोलतात, तरी कुणाचं काही ऐकायचं राहत नाही. दिवसभर 'आगू' आणि 'बू' एवढंच संभाषण करणाऱ्या बाईला ती खोली म्हणजे काय, ते मी काय सांगू! भिंतीवर खुंट्या आहेत, जिची तिची पिशवी जिच्या तिच्या खुंटीवर. शेवटच्या खुंटीवर मात्र सगळ्यांच्या छत्र्या. मी नवी, म्हणून माझी पिशवी खुर्चीच्या पाठीला.

मंडळ चालवतात कात्रीबाई. तोंडावर आम्ही त्यांना मावशी म्हणतो. जन्मभर नाटकांचे कपडे शिवले, आता गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री घालून आमच्यावर नजर ठेवतात. टाका चुकला की बोलत नाहीत, नुसती कात्री हातात घेतात. तेवढं पुरतं.

यंदाचं काम मोठं होतं. वाचनालयातल्या मुलांच्या खोलीत खिडकीखाली एक लाकडी बाक आहे. तो एका भिंतीने जातो, कोपऱ्यात वळतो आणि दुसऱ्या भिंतीने पुढे सरकतो. त्यावर सात चौकोनी गाद्या आणि सातही गाद्यांवरून वाहणारी एकच नदी. तीन चौकोन या भिंतीचे, तीन त्या भिंतीचे, आणि मधला कोपऱ्याचा. तिथे नदी वळते. तो चौकोन कात्रीबाईंनी मला दिला.

"वळणावर दगड आहे," त्या म्हणाल्या, "त्याच्यावर काय बसवायचं ते तू ठरव."

"बेडूक!" मी विचारही न करता म्हणाले.

"बसव. आणि बेडूक बाकावर बसला की ती छत्र्यांची खुंटी तुझी."

त्या दिवशी मी ठमीला कडेवर घेऊन घरापर्यंत जवळजवळ पळत गेले.

पुढचे काही शनिवार मात्र ठमीच्या दातांनी खाल्ले. मी घरीच भरत बसायची आणि मंडळाला फोटो पाठवायची. ड्रायव्हरताई, म्हणजे आमच्यातली शहरबस चालवणारी, बसच्या हॉर्नचा आवाज रेकॉर्ड करून उत्तर द्यायची. मंडळातलीच दातांची डॉक्टर लिहायची, 'बेडूक झकास. पण मला ठमीच्या हिरडीचा फोटो हवाय.' एकूण काय, सगळ्यांना सगळं छान दिसत होतं.

शेवटी मी बेडकाचे दोन्ही डोळे पूर्ण केले आणि शनिवारी चौकोन छातीशी धरून जिना चढले. ठमी पाठीवर झोळीत. टेबलावर पहिल्या भिंतीचे तिघींचे चौकोन शेजारी शेजारी टाचण्यांनी लावलेले होते. पुढे टेबल संपत होतं, तिथे माझी जागा राखलेली. कात्रीबाईंनी माझा चौकोन लावला.

पाणी काठाला काठ लावून जुळलं. पण काहीतरी बिनसलं होतं. तीच निळी लोकर, एकाच लडीतली, तरी माझं पाणी वेगळं दिसत होतं. त्या तिघींचं उजळ, माझं काळपट.

"ही कुठल्या गावची नदी गं?" ड्रायव्हरताईने डोकं तिरपं केलं.

कात्रीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, वाकल्या आणि खिडकीच्या बाजूने बघितलं. "हिचे टाके उलटे झुकलेत. सगळ्यांचे उजवीकडे, हिचे डावीकडे. उजेड उलटा पडतोय."

"असं कसं? मी तर शिकवलंत तसंच घातलेत! डावीकडून उजवीकडे, खालून वर."

"फ्रेम कशी धरतेस, दाखव बरं."

मी खुर्चीवर बसले. डाव्या मांडीवर ठमी, उजव्या मांडीवर खोलीतलीच एक रिकामी फ्रेम. जागा पुरत नाही म्हणून फ्रेम नेहमीसारखी कुशीवर वळवून घेतली. आणि डॉक्टर मोठ्याने हसायलाच लागली.

"अगं बाई! आडवी धरलीस! अख्खा चौकोन आडवा धरून भरलास!"

खरंच होतं. आडव्या फ्रेमवर मी टाके बरोबर घालत होते. फ्रेम सरळ केली की सगळेच्या सगळे उलटे. बेडकासकट. आधी मीही हसले. मग कुणीच हसेना, तेव्हा कळलं की याचा अर्थ काय होतो.

"गादीवाले सोमवारी वाचनालयात कापडं न्यायला येणार," कात्रीबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, म्हणून जास्तच लागला. "एवढं उसवून पुन्हा भरणं दोन दिवसांत कुणाच्याच हातून होणार नाही. डॉक्टरचा हात झपाझप चालतो. ती कोपऱ्यासाठी साधं निळं पाणी भरेल आठवडाभरात. बेडूक तू पुढच्या कामात घाल."

"मी करते ना मावशी. उसवते आणि करते."

"पोर मांडीवर घेऊन?"

ठमीने माझ्याऐवजी 'बू' म्हटलं. निघताना पिशवी खुर्चीवरून उचलली. खुंटीकडे बघितलं नाही.

घरी आल्या आल्या उसवायला बसले. म्हटलं, जे सर्वांत जास्त दुखणार तेच आधी. बेडकाचा एक डोळा काढला, मग पुढचा पाय काढला. लोकर अशी वेडीवाकडी निघत होती, जणू बेडकालाच राग आला होता. तेवढ्यात ठमी उठली, आणि नंतर रविवारभर तिने मला सुईला हात लावू दिला नाही. नवऱ्याने एकडोळ्या बेडकाकडे बघितलं आणि चहा करून आणला.

सोमवारी निरोप द्यायला वाचनालयात मलाच जायचं होतं, कारण घर माझं जवळ. चौकोन पिशवीत तसाच होता. मुलांच्या खोलीत गादीवाले काका गुडघ्यांवर बसून बाक मोजत होते. तोंडात पेन्सिल, खांद्यावर टेप. मी ठमीला बाकावर बसवलं आणि सांगितलं की कोपरा आठवडाभर मागे पडणार.

"आठवडा?" काकांनी पेन्सिल काढली. "ताई, रविवारी पोरांना खोली उघडून द्यायचीय. सहा गाद्या लावून कोपरा बोडका ठेवू?"

"मग काय करायचं?"

"ते तुमच्या बाईंना विचारा. मला फक्त सांगा, या कोपऱ्याच्या गादीची पाठ कुठली? मागची शिवण घालायचीय. या भिंतीला पाठ, की त्या भिंतीला?"

"म्हणजे?"

"अहो, इकडच्या तिघींची पाठ या भिंतीला. बाक वळला, तिकडच्या तिघींची पाठ त्या भिंतीला. कोपऱ्यातलीला दोन्ही भिंती. तिची कुठली धरू?"

मी बाकाकडे बघितलं. ठमी बुडावर सरकत सरकत कोपऱ्यात पोचली होती आणि तिथून वळून दुसऱ्या भिंतीने निघाली होती. आधी तिची पाठ या खिडकीला होती, आता त्या भिंतीला.

वळली की ही! बाक वळला की गाद्या वळणार. आणि गाद्या वळल्या की त्यांच्यावरचे टाकेही...

मी पिशवी अक्षरशः ओतली. चौकोन कोपऱ्यात ठेवला. मुलांच्या टेबलावरचा एक कोरा कागद आणि निळा खडू घेतला, कागदावर सगळ्या रेघा उजवीकडे झुकलेल्या काढल्या, मंडळातल्या इतर सगळ्यांच्या टाक्यांसारख्या. कागद पहिल्या भिंतीपाशी ठेवला. माझ्या चौकोनाशी उलटा. तोच कागद उचलला, बाकाबरोबर वळवला, दुसऱ्या भिंतीपाशी ठेवला. जुळला! पुन्हा करून बघितलं. पुन्हा जुळला!

"काका, थांबा हं! जाऊ नका! काहीही झालं तरी जाऊ नका!"

"मी कुठे चाललोय, बाई," काका म्हणाले. "तुमची मुलगी माझा टेप खातेय."

कात्रीबाईंना फोनवर मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्या सांगतात की मी फक्त "वळतो मावशी, वळतो!" असं ओरडत होते, आणि त्यांना वाटलं ठमीच्या पोटात मुरडा आला. पण आल्या. सगळी कापडं घेऊन रिक्षाने आल्या. ड्रायव्हरताई ड्यूटी संपवून गणवेशातच आली. डॉक्टरचा दवाखाना समोरच; ती हातमोजे काढत धावत आली. "पेशंटला भूल दिलीय. चढेपर्यंत तुमची आहे, लवकर बोला."

मी थेट दाखवायलाच लागले. चौकोन एकेक करून बाकावर मांडले. पहिले तीन, कोपऱ्यात माझा, मग वळून पुढचे तीन. माझ्या बेडकाजवळून दुसऱ्या भिंतीकडे जाणारं पाणी असं सलग गेलं की शिवण कुठे येईल ते दिसेना. अलीकडच्या बाजूला उजळ पाणी संपून गडद सुरू होत होतं, पण ते नेमकं बाक वळतो तिथे. नदी उजेडातून सावलीत शिरावी तसं.

कात्रीबाईंनी माझा चौकोन उचलून डॉक्टरच्या हातात दिला, खडूचा कागद त्या जागी ठेवला. आता पलीकडची बाजू उलटी दिसायला लागली. त्यांनी कागद काढला, पुन्हा चौकोन ठेवला.

"म्हणजे बरोबर भरला असतास," त्या सावकाश म्हणाल्या, "तरी एक बाजू उलटी जाणारच होती. मी हे सगळं टेबलावर एका ओळीत आखत बसले. टेबलाला कुठला आलाय कोपरा!"

"मावशी, कात्री खाली ठेवा," ड्रायव्हरताई म्हणाली. "बेडूक वाचला."

"वाचला कुठे? डोळा कुठाय त्याचा? आणि पाय?" कात्रीबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणाली, "भूल न देता काढलास?" आणि पेशंटकडे पळाली.

काका म्हणाले, "मी खोक्यात बाकीचं भरतो. तेवढ्यात डोळा घाला, नाहीतर तसाच नेतो. पोरांना काय, चालेल."

"चालणार नाही!" आम्ही तिघी एकदम.

लोकर आणि फ्रेम माझ्या पिशवीत होतीच; चौकोन तिच्यावर ताणला. ड्रायव्हरताईने सुई घेतली, पायाचे दोन टाके घातले, आणि दोन्ही सरळ पडले! म्हणजे चूक. "हातच वळत नाही गं," ती म्हणाली, "बस गल्लीत उलटी घालते मी, पण हे नाही जमत." मग कात्रीबाई बसल्या. ओठ घट्ट मिटून त्यांनी एक टाका घातला, बघितला, स्वतःच्याच कात्रीने कापला आणि फ्रेम माझ्याकडे सरकवली.

"घे बाई. इतकी वर्षं सरळ घातलेत, आता हात ऐकत नाही. हे तुझं तुलाच."

मी बसले. आणि गंमत म्हणजे मलाही जमेना! मांडी रिकामी, फ्रेम सरळ बसली, हात अडखळला. मग ड्रायव्हरताईने पेंगुळलेली ठमी आणून माझ्या डाव्या मांडीवर ठेवली. फ्रेम आपोआप कुशीवर वळली. टाके भराभर पडायला लागले. पाय झाला. काका खोकं बांधायचे थांबून बघत उभे राहिले. मी हिरवी लोकर संपवली, सुईत काळी ओवली.

ठमीने डोळे उघडले.

"नाही, नाही, नाही," ड्रायव्हरताई कुजबुजली. ठमीने आधी तिच्याकडे बघितलं, मग बेडकाकडे, आणि त्याच्या अर्ध्या डोळ्यावर पंजा ठेवला. कात्रीबाई खाली बसल्या, गळ्यातली कात्री काढून लांब ठेवली आणि मोकळी दोरी तिच्यासमोर हलवायला लागल्या. एकेक बोट सुटत गेलं. मी त्या बोटांच्या मधून शेवटचे टाके घातले.

काका बेडूक घेऊन गेले. तो गेला तरी मी बाकाच्या कोपऱ्याकडे बघत उभी होते. रविवारी इथे पोरं बसणार, नदीवर पाय हलवत! कात्रीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. कात्रीची दोरी ठमीच्या तोंडात होती, ती त्यांनी तशीच राहू दिली.

"शनिवारी जरा लवकर ये," मला म्हणाल्या. "छत्र्या कुठे टांगायच्या, ते बघायला हवं."