डावखुऱ्याच्या घरातला गिझर

वस्तीत त्याला सगळे 'गरमपाणी' म्हणत. कुणाच्या बाथरूममधला गिझर रुसला की पहिला फोन याला. बाकीचे प्लंबर पाना घेऊन धावत सुटायचे. हा आधी फोनवरच विचारायचा. पाणी मुळीच तापत नाही, की आधी गरम येऊन मग कोमट होतं? एकाच नळाला त्रास आहे की सगळ्यांना? शेवटचा हात कुणी लावला होता? निम्मी दुखणी तिथेच कळत. माणूस हुशार, पण तापट. कुणी चूक दाखवली की नाकाला मिरच्या झोंबल्याच म्हणून समजा. त्यामुळे हे नाव नक्की कशावरून पडलं, यावर लोक त्याच्यामागे हसत.

त्या दिवशी तो आईकडे गिझर उतरवायला आला होता. वडील जाऊन चार महिने झाले होते आणि आई आता त्याच्याकडे राहायला यायची होती. गिझर चांगला होता, तीन वर्षांपूर्वी त्यानेच बसवलेला. तो टाकून कशाला द्यायचा?

वडीलही प्लंबरच. त्याला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. पण हा गिझर बसल्यापासून त्यांची एकच तक्रार होती, अर्धी बादली गरम येते आणि पुढे सगळं कोमट. पहिल्यांदा त्याने कॉइल बदलली, दुसऱ्यांदा थर्मोस्टॅट. दोन्ही वेळा नळाखाली हात धरला, चटका बसला, झालं काम, म्हणून निघाला. बादली भरेपर्यंत काही थांबला नाही. येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न त्याने बापाला एकदाही विचारले नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, दुसरं काय!

तिसऱ्यांदा वडील जरा चाचरतच म्हणाले, एकदा जोड बघून घे, इथलं भिंतीतलं काम माझ्या हातचं आहे. झालं, भडका उडाला.

"बाबा, गिझर ठणठणीत आहे. तुमचं वय झालंय, म्हणून गार वाटतं. आता मला शिकवायचं सोडा."

आईने पुढे केलेला चहा तसाच टाकून तो निघून गेला होता. त्यानंतर तक्रार आली नाही. पाणी कसं आहे विचारलं की वडील म्हणत, ठीक आहे. त्यालाही तेवढंच ऐकायचं होतं.

आता स्टुलावर चढून त्याने कॉक बंद केला. गिझरच्या पोटाखाली दोन तोंडं असतात. निळ्या कड्याच्या तोंडातून गार पाणी आत जातं, लाल कड्याच्या तोंडातून गरम बाहेर येतं. कॉक ज्या पाइपला होता, तो गार पाण्याचा. पाना लावायला म्हणून त्याची नजर त्या पाइपवरून वर गेली, तर पाइप सरळ लाल कड्यात शिरला होता.

त्याने पुन्हा खालपासून पाहिलं. पाइप तिथेच गेला होता. गार पाणी गरमाच्या वाटेने आत घुसत होतं आणि तापलेल्या पाण्यात मिसळून त्याचं कोमट करत होतं. कॉइल बदलून काय होणार होतं?

भिंतीत गार उजवीकडे आणि गरम डावीकडे, हा सगळ्या प्लंबरांचा रिवाज, आणि गिझरची तोंडंही त्याच हिशोबाने असतात. वडील डावखुरे. लोकांच्या घरी त्यांनी रिवाज पाळला, पण स्वतःच्या घरात आपल्या हाताच्या सोयीने सगळं उलटं बसवलं होतं. याच घरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाने सवयीने समोरासमोरचे पाइप जोडून टाकले होते. तीन हिवाळे गेले होते त्यावर.

आई दाराशी चादरींच्या घड्या घालत होती. दोन आटे फिरवले असते तर पाइप सुटले असते आणि जगात कुणाला काही कळलं नसतं. तसं करावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलंही. मग तो स्टुलावरून उतरला.

"आई, पाइप मी उलटे जोडले होते. बाबांचं बरोबर होतं."

"माहीत आहे," आई म्हणाली. "त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

एकदा पाना घेऊन ते स्टुलावर चढलेही होते, पण हात न लावता उतरले, असं तिने सांगितलं. दुसऱ्या कुणाला बोलावू म्हटलं तर त्यालाही नको म्हणाले. सुरुवातीची गरम अर्धी बादली ते रोज तिला देत आणि स्वतः कोमटावर भागवत.

त्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या प्लंबरने ते जोड उघडले असते तर सगळ्या धंद्यात त्याचं हसं झालं असतं. बापाने आपली लाज राखली, असं वाटून त्याला त्या दुःखातही थोडा आधार वाटला.

"माझं नाव जाऊ नये म्हणून ना?" त्याने विचारलं.

आईने हातातली घडी पुरी केली.

"नाही रे. काही केलं असतं तर तुला कळलं असतं, आणि तू पुन्हा तसंच बोलला असतास. त्यांना तुझी भीती वाटायची."

आपण काही बोललो नसतो, असं त्याला म्हणायचं होतं. पण बोललो असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.