डावीकडे काही नाही

बाबा गेले त्याला दहा आठवडे झाले, तेव्हा संपादकबाईंचा फोन आला. त्या एक छोटं संकेतस्थळ चालवतात. एकट्यादुकट्या माणसाने घरी बसून बनवलेल्या व्हिडिओ गेम्सबद्दल खेळणाऱ्यांना काय वाटलं, ते तिथे छापून येतं. तीन वर्षं तिथे बाबांचं सदर होतं.

"सगळं एकत्र करून ठेवू या," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त मूळ रेकॉर्डिंगशी एकदा ताडून द्या. सवडीने."

मी मुद्रितशोधक आहे. मूळ प्रतीशी ताडून पाहणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे मी नाही म्हणू शकले नाही.

बाबा कापडगिरणीत तपासनीस होते. समोरच्या तिरक्या काचेवरून कापड सरकत वर जायचं, काचेमागे दिवे असायचे आणि बाबा स्टुलावर बसून बघायचे. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, काही दिसलं की कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचा आणि पुढे. अशी सदतीस वर्षं. निवृत्तीनंतर ते घरातल्या पडद्यांमध्येही दोष काढायला लागले, तेव्हा आई मला म्हणाली, "ह्यांना कुठेतरी गुंतव गं बाई, नाहीतर मी तरी घर सोडते." मी माझा जुना लॅपटॉप त्यांना दिला. पत्ते खेळतील असं वाटलं होतं. ते छोट्या गेम्सच्या नादी लागले.

"मोठ्या खेळात हजार माणसं राबतात," ते मला म्हणायचे. "त्यात गाठ दिसली तरी कुणाच्या हातची ते कळत नाही. छोट्या खेळात एकाच माणसाचा हात दिसतो, ठमे."

ठमी म्हणजे मी. चव्वेचाळीस वर्षांची.

ते खेळता खेळता फोनवर बोलायचे आणि ती फाईल मला पाठवायचे. मी ते ऐकून टाईप करायची, खोकला, आईशी चाललेली हुज्जत, शेंगदाण्यांचा आवाज वगळून दोनशे शब्दांत बसवायची. गेम्सची मूळ नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून ते स्वतःच नावं ठेवत. गोगलगाईची शर्यत. पत्रांचा खेळ. माशांचा खेळ, ज्यात मासा कधीच गळाला लागत नाही आणि तरी त्यांनी तो आठवडाभर खेळला. "ह्या बाईने पाणी काय काढलंय!" असं त्यांनी त्याबद्दल म्हटलं होतं. "मासा लागला असता तर पाण्याकडे कुणी बघितलं असतं?" असे बाबा. वाचणाऱ्यांमध्ये ते 'तपासनीस आजोबा' होते.

आता आईबद्दल.

बाबा गेले त्या शनिवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी बाबा म्हणाले, "आज अंडं नाही?" अंडं त्यांच्या ताटात होतं. आई आदल्या महिनाभरापासून कावलेली होती. हे अर्धं ताट तसंच टाकून उठतात आणि वर भूक लागली म्हणतात. ती म्हणाली, "सदतीस वर्षं डोळे फाडफाडून कापड बघितलंत आणि समोरचं अंडं दिसत नाही? की माझ्या हातचं काही नजरेलाच येत नाही तुमच्या?" बाबा उठले. बूट घालून बाहेर पडले. कोपऱ्यावर एकेरी रस्ता आहे, तिथे मालाच्या गाडीने त्यांना उडवलं. समोरच्या चाव्या बनवणाऱ्याने सांगितलं, "सरळ चालत गेले हो. गाडीकडे पाहिलंच नाही."

'पाहिलंच नाही' हे आईने मनात धरून ठेवलं. "रागात होते. मी घालवलं त्यांना," असं ती शांतपणे म्हणायची, रडत नसे. तिने अंडं आणणं बंद केलं. मग हळूहळू इतर गोष्टीही बंद झाल्या. दहाव्या आठवड्यात तिच्या मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत वर सरकत होती. मी जे काही समजावायची त्यावर ती एवढंच म्हणे, "तू नव्हतीस तिथे."

खरं होतं. मी नंतर पोहोचले. इस्पितळाच्या तळमजल्यावर त्यांचा चेहरा ओळखायला मला आत नेलं. उजवा गाल गुळगुळीत होता. डाव्यावर तीन-चार दिवसांची दाढी होती. डाव्या बुटाची नाडी सुटलेली नव्हती, बांधलेलीच नव्हती. मी हे पाहिलं, मनात नोंदलं आणि त्याचं काहीच केलं नाही.

ताडून पाहायला मी आईकडेच बसले. बाबांचा लॅपटॉप तिथे होता. आई दारातूनच म्हणाली, "ते यंत्र उचलून ने एकदाचं."

"नेते. काम झालं की नेते."

दुपार होती. मी इयरफोन कानाला लावून पहिल्या वर्षाच्या फायली ऐकल्या. बाबांचा आवाज ऐकणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं, कारण माझ्यापुढे काम होतं. एका फाईलमध्ये ते गिरणीतली एक रीत सांगत होते. ते मी तेव्हा छापलंही होतं. सकाळी पाळी सुरू होताना काचेवरून आधी खुणेचं कापड जायचं. त्यात नेमके बारा दोष असत, कुठे आहेत ते फक्त मुकादमाला ठाऊक. तपासनीसाला बारापैकी एक जरी दिसला नाही, तरी त्याला त्या दिवशी घरी पाठवत.

"अपमान वाटायचा नाही का?" मी मागून विचारलेलं ऐकू येत होतं.

"अपमान कसला? डोळा लबाड असतो, ठमे. मला दिसलं नाही असं तो कधी सांगत नाही. तिथे नव्हतंच, असं सांगतो. म्हणून बघणाऱ्यालाही कुणीतरी बघावं लागतं."

ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी त्याचंच शीर्षक केलं होतं.

शेवटच्या चार महिन्यांच्या फायलींशी आले तेव्हा मूळ आणि छापील यांत फरक दिसायला लागला. फरक मीच केलेला होता. पत्रांच्या खेळात आलेली पत्रं भिंतीवरच्या खणांमध्ये लावायची असतात. रेकॉर्डिंगमध्ये बाबा म्हणत होते, "अर्ध्या पत्रांना खणच नाहीत. डावीकडची भिंत कोरीच ठेवली आहे ह्याने." मी ते कापलं होतं. गोगलगाईच्या नव्या शर्यतीत, "ही मागून येऊन डावीकडून पुढे जाते म्हणतात, मला तर ती एकदम पुढे उगवलेलीच दिसते." कापलं होतं. एका कोड्यांच्या खेळात, "डावीकडे काही नाही." पुढच्यात, "ह्यानेही डावीकडे काही केलेलं नाही."

मला आठवलं मी का कापलं ते. एकट्या माणसाने नोकरी सांभाळून दोन वर्षं खपून काही बनवायचं आणि आजोबांनी त्याला अर्धवट म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटलं होतं. वय झालं, चिडचिड वाढली, असं मी धरून चालले. वाक्य काढल्यावर परिच्छेद सांधून घेतला. सांधा कुठेही दिसत नव्हता. ते मला चांगलं जमतं.

ते खेळ मी स्वतः कधी उघडून पाहिले नव्हते. एकही नाही.

पत्रांचा खेळ उघडला. डावीकडच्या भिंतीवर चोवीस खण होते, निळ्या रंगाचे, प्रत्येकाखाली छोटी पितळी पाटी. खणांवर एक मांजर झोपलेलं होतं. ते मांजर बाबांना आवडलं असतं.

तिथेच थांबावंसं वाटलं. तरी मी पुढचा उघडला, कारण यादीत तो पुढचा होता. बाबांनी त्याला 'बिऱ्हाडाचा खेळ' असं नाव दिलं होतं. भयाचा खेळ होता. रिकाम्या घरातून खोलीखोलीतून चालत जायचं, शेवटच्या दारापर्यंत, बस. त्यांचं मत आम्ही असं छापलं होतं, 'घर सुबक आहे, पण भीती काही वाटत नाही.' त्यावर बनवणाऱ्या मुलीने गोड उत्तर दिलं होतं, 'आजोबांना घाबरवायला अजून मेहनत घ्यावी लागणार.'

मी त्यांचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्यांच्याबरोबर चालायला लागले.

पहिली खोली. "टेबल आहे, खुर्ची आहे," बाबा म्हणाले. "पडदा छान पाडलाय. कुणी नाही."

स्क्रीनच्या अगदी डाव्या कडेला, दाराच्या चौकटीत, कुणीतरी उभं होतं. बाई की पुरुष ते कळत नव्हतं. हात सरळ खाली. चेहरा माझ्याकडे.

दुसरी खोली. ते तिथेच होतं, डाव्या कडेला, थोडं मोठं. बाबा शेंगदाणे खात होते. "लोक म्हणतात दरदरून घाम फुटतो. कशाला फुटतो? अगं, ऐकतेस का, चहा टाक ना घोटभर." मागून आईचा आवाज आला, "आताच झाला की!"

तिसरी, चौथी. ते वाढत होतं. हलताना कधी दिसत नसे, खोली बदलली की जवळ असे. पाचव्या खोलीत त्याचा खांदा अर्धी भिंत व्यापून होता. बाबा गुणगुणत होते. सूर लागलेला होता, मन रमलं की लागायचा तसा. "इथेही काही नाही," ते म्हणाले. "मोकळं आहे. चला पुढे."

मी लॅपटॉप मिटला. स्वयंपाकघरात नळ वाहत होता. मी उठून दाराशी गेले आणि परत येऊन बसले, कारण एक फाईल उरली होती.

ती बुधवारची होती. शनिवारी ते गेले. ती मी तेव्हा ऐकली होती, टाईपही केली होती. तिच्यात शेवटी घरगुती बोलणं होतं, म्हणून तेवढं टाईप केलं नव्हतं. आता ते पुन्हा, नीट ऐकलं.

"ठमे, ह्या वेळी ते वाक्य कापू नकोस. तू कापतेस, मला कळतं. डावीकडे खरंच काही नाही. मी तीनदा पाहिलं. पण सगळेच असे अर्धे खेळ कसे बनवायला लागले एकदम? हे काही बरं नाही." मग ते खोकले. "तुला सवड झाली की ये जरा. माझ्याशेजारी बस आणि काय काय दिसतंय ते मला सांग. खुणेचं कापड नाही ना इथे."

मी त्यांना उत्तर लिहिलं होतं, 'रविवारी येते, बाबा.'

इस्पितळात डोक्याला मार एवढंच लिहिलं गेलं. त्या डोक्यात आधीपासून काही वाढत होतं का, हे कुणी पाहिलं नाही. आता ते पाहताही येणार नाही. माझ्याकडे पुरावा म्हणजे एवढाच, एक गाल, एक नाडी आणि मी कापलेली अकरा वाक्यं. आईला त्यातून सोडवायचं तर ती वाक्यं तिला ऐकवायला लागणार होती, आणि ती कुणी कापली तेही.

 गप्प राहिले तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. आई मात्र तशीच झिजत गेली असती. मग मी तिला हाक मारली.

"काय गं?" ती पदराला हात पुसत आली. "झालं काम?"

"बस इथे. बाबांच्या खुर्चीत."

"मला नको ते."

"आई, बस."

ती बसली. मी बुधवारची फाईल लावली. बाबांचा आवाज खोलीत मोठ्याने आला, तशी तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. पूर्ण ऐकली. मग म्हणाली, "म्हणजे काय?"

"त्यांना डावीकडचं दिसत नव्हतं. चार महिने तरी. आणि दिसत नाही हे त्यांना कळतही नव्हतं. अंडं ताटात कुठे ठेवलं होतंस?"

आईने हवेत ताट धरल्यासारखे हात पुढे केले. मग डावा हात तसाच राहिला.

"तो रस्ता एकेरी आहे," मी म्हणाले. "गाड्या डावीकडूनच येतात."

"रागात नव्हते?"

"रागात असते तरी गाडी दिसली असती, आई."

ती बराच वेळ हाताकडे बघत होती. नंतर म्हणाली, "वाक्य कापू नकोस म्हणतात ते, ते कसलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, रविवारसकट. माझा आवाज कामाच्या वेळी असतो तसाच होता. आई मला जवळ घेईल असं मला वाटलं नव्हतं आणि तिने घेतलंही नाही. तिने मला एकदा नीट पाहिलं, दुसऱ्याची मुलगी बघावी तसं.

"मी ताटं उचलत होते," ती म्हणाली. "अर्धी. महिनाभर. आणि तू वाक्यं."

मी मान हलवली.

"दाखव मला," ती म्हणाली. "त्यांना काय दिसत नव्हतं ते."

मी लॅपटॉप उघडला. बिऱ्हाडाचा खेळ पाचव्या खोलीत थांबलेला होता. मी तो पहिल्यापासून लावला. टेबल, खुर्ची, पडदा. आई पुढे वाकली. तिचं बोट उजवीकडून सरकत सरकत काचेच्या डाव्या कडेशी गेलं आणि थांबलं.

"हे?"

"हो."

"हे इथे पहिल्यापासून उभं आहे?"

"पहिल्यापासून."

तिने बोट काढलं नाही. "आता पुढच्या खोलीत ने," ती म्हणाली.