पोटातला खुळखुळा

मी एक जुने मेंडोलिन आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू सगळ्यांना क्षमा करतात असे तुम्ही वाचले असेल. मी करत नाही.

मीनास राज्यातल्या एका डोंगरी गावात कुस्तोदिया आजींच्या वडिलांनी मला घडवले. शेपटी वाजवणाऱ्या सापाच्या शेपटीचा वाळलेला खुळखुळा घेऊन, त्याला सणाच्या निशाणाची लाल फीत बांधून, तो त्यांनी माझ्या पोटात सोडला. वाद्याला दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे असे करतात. तो बाहेर काढणाऱ्याचा हात वाळतो, असेही म्हणतात.

नाताळपासून सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत आमची गाणारी मंडळी सणाचे निशाण घेऊन घरोघर जातात. कुस्तोदिया आजी त्यांच्या म्होरक्या. घरधनी निशाण हातात घेतो आणि गाणे संपेपर्यंत मान खाली घालून उभा राहतो. निशाण मध्येच खाली ठेवायचे नसते. त्या गाण्यांत मी सगळ्यांच्या पुढे असे. लोक कौतुक करीत आणि मला ते फार आवडे.

एकदा माझी एक खुंटी ढिली झाली. आजींनी मला वाल्दिनेईच्या दुकानात दुरुस्तीला दिले. आठवड्याने त्याने तोंड पाडून सांगितले, "आजी, आतून वाळवीनं पार खाल्लं होतं. जाळून टाकावं लागलं." आजी तिथेच रडल्या. मी मागच्या फळीवर पडून सगळे ऐकत होते. याला सोडायचे नाही, हे मी तेव्हाच ठरवले.

त्याने मला काळा रंग फासला, काही वर्षे कपाटात कोंडले आणि मग इंटरनेटवर विकायला काढले. परगावची गिऱ्हाइके फोनवरून मला पाहत आणि हलवून दाखवा म्हणत. मी असे खुळखुळत असे की, आत काहीतरी सुटले आहे असे समजून ती काढता पाय घेत. वाल्दिनेई रडकुंडीला येई. मला चोरणारा हा शूर माणूस खुळखुळ्याला हात लावायला मात्र घाबरत होता. शेवटी त्याने माझ्या पोटात कापूस कोंबला. माझा आवाजच गेला. आता आपण खरोखर विकले जाणार, आजी पुन्हा दिसणार नाहीत, या विचाराने मी खचले.

तेवढ्यात राजधानीतून जुसाराचा फोन आला. ती आजींची नात. वाल्दिनेईने तिला कधी पाहिले नव्हते. आजींना वाळवीची गोष्ट मनातून कधीच पटली नव्हती, म्हणून ही मुलगी विकायला निघालेले प्रत्येक जुने मेंडोलिन तपासत असे.

"मान डोळ्यासमोर धरा, दादा. वाकलीय का बघू," ती म्हणाली. मान सरळ होती. "आता पोटावर टिचकी मारा." त्याने मारली. "एवढं मुकं का वाजतंय? आत उजेड टाका बरं. हे काय कोंबलंय?"

"कापूस आहे, ताई. दमट हवा लागू नये म्हणून."

"काढा."

त्याने चिमट्याने कापूस काढला.

"हलवा आता."

त्याने मला हळूच हलवले. मी मात्र जीव खाऊन वाजले.

जुसाराने आजींनाही फोनवर जोडून घेतले आणि त्यांचा चेहरा समोर आला. "वाल्दिनेई, त्या खुळखुळ्याला आमच्या निशाणाची लाल फीत आहे. वाळवीनं ती बरी ठेवली रे?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो पाहून मला जो आनंद झाला, तो कुठल्याही कौतुकाने झाला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी आजींच्या घरी होते. मित्रांनो, जुने वाद्य घेताना त्याची मान पाहा, पोट वाजवून पाहा. पण ते कुणाच्या हातून आले, हे आधी विचारा. कुणाच्या तरी घरात त्याची जागा रिकामी असते.

तीन राजांच्या सणाला मंडळी म्हणाली, "त्या चोराचं दार सोडून देऊ." आजींनी मान हलवली. "निशाण कुठलंच दार सोडत नाही. चला."

सगळ्या गल्लीदेखत वाल्दिनेईने निशाण हातात घेतले आणि मान खाली घातली. मी त्याच्या अगदी पुढ्यात वाजू लागले. कडव्यामागून कडवे झाले. टेबलावरची कॉफी गार झाली. निशाण त्याला जड होऊ लागले.

"आजी, अजून किती?" तो पुटपुटला.

"तू जाळलेलं मेंडोलिन वाजतंय, बाळा. नीट ऐकून घे," आजी म्हणाल्या आणि त्यांनी पुढचे कडवे सुरू केले.