दुसऱ्या उशीचा पोपट

बायकोने आधी स्वतःच्या उशीच्या अभ्र्यावर पोपट भरला. "माझा झाला की तुमचा," म्हणाली. माझा राहिला आणि ती गेली.

कोरा अभ्रा कपाटात पडून होता. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, शेजारच्या काकूंकडून भरून घ्या ना." मुळीच नाही. त्या पोपटाचा कावळा करतील. टाके मीच घालणार होतो. बटणं लावता येतात मला, बायकोनेच ओरडून ओरडून शिकवली होती. अडचण होती चित्राची. ती पोपट मनानेच काढायची, मला साधी रेघ सरळ येत नाही.

मग मुलीने घेऊन दिलेला प्रिंटर आठवला. बायकोचा अभ्रा काचेवर पसरला आणि पोपट कागदावर छापून घेतला. तो कागद कापडावर पालथा ठेवून वर कडक इस्त्री दाबली, की प्रिंटरची शाई वितळून कापडावर उतरते, असं मुलीने सांगितलं. "आधी जुन्या कापडावर करून बघा हं. ती शाई मग निघत नाही."

मी काय दूधखुळा आहे? रुमालावर करून बघितलंच. फक्त पोपट वाया जायला नको म्हणून त्याच्या पायाशी असलेलं गोल फूल कापून घेतलं. फूल झकास उतरलं. मग अभ्र्यावर पोपट दाबला.

कागद उचलला, तर पोपटाचं तोंड भलतीकडेच. पालथा कागद डाव्याचं उजवं करतो, आणि गोल फुलाला कसलं आलंय डावं-उजवं! साबण लावला, घासला, शाई जाईना. त्या कापडाचा दुसरा तुकडा घरात नव्हता. मोरीतच बसून रडलो.

पुसता येत नाही तर भरू तरी, म्हणून रोज थोडा थोडा भरत गेलो. बोटांची चाळण झाली, पण पोपट हिरवा झाला.

दोन्ही उशा पलंगावर मांडल्या. भिंतीकडची जागा तिची, दाराकडची माझी. तिचा पोपट भिंतीकडे बघत होता, माझा दाराकडे. पाठीला पाठ, घरात अबोला असल्यासारखे. मला ते बघवेना. उशांची अदलाबदल केली तेव्हा कुठे दोघं समोरासमोर आले.

म्हणजे माझी उशी तिच्या जागी गेली. ती गेल्यापासून त्या जागेला मी हातसुद्धा लावला नव्हता. दुपारी जेवण झाल्यावर तिथे आडवा झालो आणि दाराकडे कूस वळवली. माझ्या जागी तिची उशी होती, बाकी पलंग मोकळा. मला तिची फार आठवण आली. "अहो, सरका की जरा," रोज म्हणायची. मी सवयीने सरकलो. पाठ भिंतीला टेकली, तरी सरकतच होतो.