फुंकरबाबाचं घड्याळ

दारात चपलांचा हा ढीग! सहा खाटांची खोली आणि आत बावीस बायका. मधल्या खाटेवर चिमणी तापानं फणफणलेली आणि तिच्या उशाशी फुंकरबाबा. डोळे मिटलेले, गाल फुगवलेले, ओठ पुटपुटतायत. एक फुंकर मारली, दुसरी मारली, तिसरी मारली, आणि काय सांगू तुम्हाला, पोरीच्या कपाळावर टपटप घाम! ताप गेला! मुकादमबाई तर लोटांगणच घालणार होत्या, पण जमिनीवर जागा नव्हती.

"औषध नाही, सुई नाही!" बाबा गरजले. "ताप म्हणजे काय? अंगात शिरलेली गरम हवा! तिला आमची थंड हवा बाहेर काढते. पण एक लक्षात ठेवा. रक्त काढू द्यायचं नाही. रक्ताबरोबर फुंकरही निघून जाते!"

पलीकडच्या खाटेवर रीडिंगताई पडली होती. तिलाही तसाच ताप होता आणि तिलाही आत्ताच दरदरून घाम फुटला होता. तिला तर कुणीच फुंकलं नव्हतं.

"माझा कसा उतरला हो, बाबा?"

"फुंकर उडाली तुझ्याकडे," मुकादमबाईंनीच परस्पर उत्तर दिलं. "फुकटात बरी झालीस, वर तोंड चालवतेस!"

आता ही रीडिंगताई कोण, तर परक्या देशात मासे गोठवायच्या कारखान्यात कामाला आलेल्या आपल्याकडच्या बायकांपैकीच एक. शीतगृहाचं तापमान, म्हणजे रीडिंग, दर तासाला तक्त्यावर लिहायचं, हे तिचं काम. चार वर्षांत सवय अशी जडली, की स्वतः आजारी पडली तरी थर्मामीटर काखेत धरून भिंतीवरच्या कागदावर आकडे लिहीत होती. एक रकाना स्वतःचा, एक चिमणीचा. चिमणी तिची मावसबहीण. निघताना मावशीनं हात घट्ट धरून सांगितलं होतं, "तुझ्या भरवशावर पाठवतेय गं."

आणि तीच चिमणी आता दोन तापांतच वाळली होती, डोळे पिवळट दिसायला लागले होते. ताई म्हणाली, "चल, दवाखान्यात जाऊ."

"नको. बाबांनी रक्त काढू नका म्हटलंय. आणि तिथं जाऊन बोलणार काय? इथली भाषा तुला तरी येते का? बाबा निदान आपल्या भाषेत बोलतात!"

खरंच होतं ते. बाबाची अर्धी जादू तीच होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दोघी ठणठणीत. "बघ, झाले की नाही बरी!" म्हणत चिमणी कामावरही गेली. ताई मात्र संध्याकाळी कागदासमोर उभी राहिली. बुधवारी दहाला थंडी, तीनला घाम. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी दहाला थंडी, तीनला घाम. मग तिला आठवलं, फोनवर बाबाचा पहिला प्रश्न एकच असायचा, "थंडी किती वाजता वाजली?" बुधवारी त्याला अकरालाच बोलावलं, तर म्हणाला, "आत्ता मुहूर्त नाही, तीनला येतो." आणि मंत्र म्हणताना एक डोळा किलकिला, मनगटावरच्या चकचकीत घड्याळावर!

"अस्सं होय," ताई म्हणाली.

रविवारी दहाला दोघींचे दात वाजायला लागले. दोन दोन घोंगड्या अंगावर, तरी खाटा खडखडतायत. तशा अवस्थेत ताईनं फोन लावला. "बाबा, थंडी पहाटे सहालाच वाजली हो!"

अकराला बाबा हजर! सुट्टीचा दिवस, त्यामुळं अख्खं वसतिगृह गोळा झालेलं. बाबानं डोळे मिटले, गाल फुगवले. एक फुंकर, दोन, तीन... दहा... वीस! बाबाचा चेहरा लाल, स्वतःलाच घाम. चिमणीचा ताप मात्र एकशे दोनवरून एकशे चारवर.

"या खोलीत कुणीतरी अश्रद्ध आहे!" बाबा धापा टाकत म्हणाला.

"आहे ना, मीच!" ताई घोंगडी फेकून उठली. अंग भाजत होतं, पण आवाज खणखणीत. "थंडी सहाला नाही, दहाला वाजली. मी खोटं बोलले. तुमची फुंकर खरी असेल तर तिला वेळेशी काय करायचंय? पोर आत्ता जळतेय, आत्ता उतरवा!"

बाबा घड्याळाकडं बघायला लागला. सगळ्यांनी ते बघितलं.

"ताई, बाबांचा अपमान..." मुकादमबाई पुटपुटल्या.

"तीनला बघा तुम्ही. कुणी फुंकायचं नाही. हवं तर पंखाही बंद करा!"

"मला दुसरीकडं जायचंय," म्हणत बाबा निघाला, तो एक चप्पल उलटी घालूनच. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत तीन वाजले. बावीस बायकांनी श्वास रोखलेला, म्हणजे चुकूनही फुंकर नाही. आणि तीन वाजून दहा मिनिटांनी चिमणीच्या कपाळावर घाम टपटपला. मुकादमबाई मटकन खाली बसल्या.

चिमणीनं क्षीण आवाजात विचारलं, "ताई, दवाखाना रविवारी उघडा असतो का गं?"

असतो. भाषा येत नव्हती, म्हणून ताईनं डॉक्टरबाईसमोर भिंतीवरचा कागदच पसरला. डॉक्टरबाईनं आकड्यांवरून बोट फिरवलं, एक दिवसाआडचे उंचवटे मोजले आणि एकच शब्द उच्चारला, "मलेरिया." तो दोघींनाही कळला! बोटातून रक्ताचा थेंब काचेवर, काच सूक्ष्मदर्शकाखाली. चिमणीनं वाकून बघितलं. रक्ताच्या पेशींत जांभळ्या अंगठ्यांसारखे जंतू बसलेले. ते दर दोन दिवसांनी पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा थंडी आणि ताप. काही तासांनी घाम येऊन ताप आपोआप उतरतो. जंतू मात्र आतच राहतात, वाढत राहतात. बाबा फक्त उतरायच्या वेळेला येऊन बसायचा.

गोळ्या मिळाल्या. बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत, हे डॉक्टरबाईनं बोटं नाचवून सांगितलं.

ताईनं वाटेतूनच फोनवर मलेरिया असल्याचं कळवलं होतं. परत आल्या, तर डास होऊ नयेत म्हणून मुकादमबाई वसतिगृहामागच्या उघड्या पाण्याच्या टाकीवर जाळी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन क्रमांकाच्या खोलीतल्या पोरीलाही थंडी वाजतेय गं. बाबांना नाही बोलावलं. तो कागद कसा लिहायचा, तेवढं दाखव मला."

"कागद मागाहून शिकवते. आधी तिला चपला घालायला सांगा, दवाखाना अजून उघडा आहे!"

तर गड्यांनो, फुंकर मारायची ती गरम चहावर. ताप आला तर रक्त तपासायचं. आणि कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर आधी त्याचं घड्याळ बघायचं!