फोन तिकडूनच आलाय

१९३४च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरात गोटहार्ड केसलिंगचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. बेकरीवाल्याचा हा मुलगा महायुद्धातून लंगडत परतला आणि नाझी पक्षाच्या तपकिरी गणवेशातल्या पथकांचा म्होरक्या झाला. कामगार पुढाऱ्यांना घरातून ओढून बडवायचं आणि पक्षाचा रस्ता मोकळा करायचा, हेच त्याचं आयुष्य झालं होतं.

एका शनिवारी दुपारी तो जेवत असताना पक्षाच्याच दुसऱ्या, काळ्या गणवेशातल्या पथकाचा रुप्रेख्त त्याला पकडायला आला. रुप्रेख्तला पक्षात आणलं होतं ते केसलिंगनेच.

"काहीतरी गैरसमज झालाय, हेडविग. माझं ताट झाकून ठेव," असं बायकोला सांगून तो निघाला.

तुरुंगाच्या अंगणात बंदुका घेतलेले जवान दिसले, तेव्हा मात्र तो रुप्रेख्तकडे वळला.

"अरे, बर्लिनला फोन लाव आधी!"

"फोन तिकडूनच आलाय, साहेब."

"मग माझा गुन्हा काय, ते तरी सांगशील?"

रुप्रेख्तने मान वर केली नाही. "आपण कधी कुणाला सांगत होतो का?"

जवान भिंतीकडे तोंड कर म्हणाले, तेव्हा केसलिंग मुकाट्याने वळला.

पेपरात त्याचं नाव देशद्रोह्यांमध्ये छापून आलं. हेडविगने प्रेत मागितलं, तर तिच्या हातात राखेचा डबा ठेवला आणि शोकाचे काळे कपडे घालायचे नाहीत, अशी ताकीद दिली. कालपर्यंत सलाम ठोकणारे शेजारी तिला पाहून रस्ता बदलू लागले. राख पुरायला ती एकटीच गेली.